कुलूपबंद ई-पुस्तकांचं ॲप : सहा-सात महिन्यांच्या वापरानंतर

2019 च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून गेली. आमच्या घरातलं कपाटही गेलं. म्हणून आता पुस्तकं शक्यतो डिजिटल घ्यायची ठरवलं आणि हे ॲप घेतलं. यातल्या पुस्तकांना डिजिटल कुलूप आहे, म्हणजे ती याच ॲपमध्ये, ठरावीक फोन-टॅबवरच उघडतात आणि त्यांची प्रत काढता येत नाही.

वाचायला ॲप चांगलं आहे. जोडाक्षरं फुटत नाहीत, अक्षर हवं तेवढं मोठं होतं, रेंज नसली तरी पुस्तक उघडतं.

दुखणं वेगळंच आहे. फोन बदलला, तर जुना फोन ॲपच्या परवानगीच्या यादीत अडकून राहिला आणि आईच्या टॅबवर पुस्तक उघडेना. बरीच मेलामेली केल्यावर ते सुटलं. पण फाइल पेन ड्राइव्हवर ठेवायची सोय नाही ती नाहीच. काचबिंदूमुळे आईला नीट दिसत नाही. टॅबमधला वाचून दाखवणारा आवाज तिला लागतो, आणि कुलपामुळे त्या आवाजाला पानावरचा मजकूर मिळतच नाही. पैसे मोजून घेतलेलं पुस्तक घरातल्याच माणसाला ऐकता येत नाही, याचा मला फार राग येतो.

आपला 1957 चा कॉपीराइट कायदा इतका कडक नाही. कलम 52 खासगी कामासाठीचा रास्त वापर, म्हणजे परवानगी न घेता केलेला मर्यादित वापर, मान्य करतं. 2012 च्या दुरुस्तीनं अपंग व्यक्तींना वाचता येईल अशी प्रत करायलाही मुभा दिली. त्याच दुरुस्तीतल्या कलम 65अ नुसार डिजिटल कुलूप तोडल्यास 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण हक्कभंगाचा हेतू असेल तर. आईसाठी प्रत काढायला कायदा आडवा येत नाही, असंच मला वाटतं. आडवं येतं ते ॲप.

चोरट्या प्रतींनी मराठी प्रकाशकांचं नुकसान होतं, हे खरंच. पण टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफ बहुतेक छापील पुस्तक स्कॅन केलेल्या दिसतात. त्यांना या कुलपाचा काय अडसर? अडतो तो पैसे देणारा.

शिवाय दुकानच बंद झालं तर? मायक्रोसॉफ्टनं 2019 मध्ये ई-पुस्तकविक्री बंद केली, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तकं गेली. एखाद्या छोट्या ॲपकडून पैसे तरी मिळतील का? उलट ॲपलनं 2009 मध्ये आपल्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानातल्या गाण्यांचं कुलूप काढलं, तरी गाणी विकली जातच राहिली.

पाचपैकी अडीच तारे. एकदा वाचून सोडायचं पुस्तक असेल तर खुशाल घ्या. संग्रही ठेवायचं असेल तर कुलूप नसलेली ईपब (ई-पुस्तकांसाठीचा एक प्रचलित प्रकार) फाइल देणारा प्रकाशक शोधा, आणि पैसे भरण्याआधी किती फोनवर चालतं, आवाजात ऐकता येतं का, हे विचारून घ्या. मी नवी खरेदी थांबवली आहे आणि कारण त्यांना लेखी कळवलं आहे.