श्रीलंकेत गाडीने फिरताना मुक्काम कुठे : दांबुला की कँडी?

दांबुल्याहून सिगिरियाचा कातळावरचा किल्ला जेमतेम 20 किलोमीटर, अनुराधापुर आणि पोलोन्नरुवा या जुन्या राजधान्या प्रत्येकी 65-70. रस्ते सपाट, दुतर्फा भातखाचरं आणि तळी. आजी-आजोबा सोबत असतील तर आमचं मत दांबुल्यालाच. सिगिरियाच्या सुमारे 1,200 पायऱ्या मात्र सकाळी सातलाच चढायला घ्या. देवळांत चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी दगडी फरशी अक्षरशः पोळते. जाड मोजे पिशवीत हवेतच. खांदे-गुडघे झाकलेले असावेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो अजिबात नको.

कँडीत दंतमंदिराची (इथे बुद्धाचा दात जपलेला आहे) संध्याकाळची पूजा साडेसहाच्या सुमारास असते. ढोल घुमू लागण्याआधीच रांगेत उभं राहावं. नुवारा एलियाचे चहामळे 75 किलोमीटरवर, पण घाटवळणांत अडीच तास सहज जातात. मुलांना गाडी लागत असेल तर पोटभर खाऊ घालून घाट चढू नका.