जुना फॉरट्रान कोड: त्यातच क्लास आणायचे की सरळ सी प्लस प्लस?

आपल्या नागपुरात भूजल, प्रदूषण असल्या विषयात पीएचडीला लागलेल्या पोरांच्या हाती बरेचदा गाइडचा, फॉरट्रान या जुन्या गणिती प्रोग्रामिंग भाषेच्या ७७ व्हर्जनचा कोड येतो, सगळा डेटा कॉमन ब्लॉकमधे (सबरूटीनमधे वाटून वापरायची सामायिक मेमरी), आणि मग विचारून राहिले की भाऊ, हे सी प्लस प्लसमधे लिहून काढू का?

आधी हे पाहा की फॉरट्रान ७७ वरच थांबलेली नाही. फॉरट्रान ९० मधे मॉड्यूल (डेटा आणि प्रोसिजर एकत्र ठेवायची पेटी) आले, २००३ च्या स्टँडर्डमधे इन्हेरिटन्स (एका टाइपवरून दुसरा वाढवणं) आणि टाइपला, म्हणजे आपण बनवलेल्या डेटा प्रकाराला, बांधलेल्या प्रोसिजर, म्हणजे क्लासचं जवळपास सगळं. अमेरिकेच्या यूएसजीएस या भूवैज्ञानिक संस्थेचं भूजल मॉडेल मॉडफ्लो ६ याच पद्धतीनं लिहिलंय, भूजलवाल्यांनी त्याचा सोर्स उघडून बघाच. पॅरेंट मात्र एकच घेता येतो, आणि टेम्प्लेट (एकच कोड कोणत्याही टाइपला चालवायची सोय) नाहीत, त्यामुळे इंटिजरची लिस्ट वेगळी लिहा, रिअलची वेगळी, जाम बोअर काम आहे. ऑब्जेक्ट मोडताना चालणारं फायनल जीफॉरट्रान या फुकट कंपायलरमधे १३ व्या व्हर्जनला कुठं नीट झालं, तेव्हा लॅबच्या मशीनवर कोणतं व्हर्जन पडलंय ते आधी पाहून घ्या.

सी प्लस प्लसमधे टेम्प्लेट आहेत, तयार कंटेनर (लिस्ट, मॅप वगैरे) आहेत, जीयूआय (खिडक्या-बटणांचा इंटरफेस) करायचा तर लायब्ररी भरपूर. पण खरी डोकेदुखी ॲरेची. फॉरट्रान मेमरीत कॉलम सलग ठेवते आणि मोजणी १ पासून, सी प्लस प्लसच्या साध्या ॲरेत रो सलग आणि मोजणी ० पासून, म्हणजे लूप जसेच्या तसे उतरवले तर उत्तर बरोबर येऊनही कोड रखडतो, कारण प्रत्येक पायरीला मेमरीत लांब उडी. आणि इंडेक्स एकानं चुकला तर एरर येईलच असं नाही, चुकीचा आकडा गुपचूप पुढं जातो.

माझं मत, सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा भाग) चालतोय ना, मग फॉरट्रानमधेच राहा. आधी कॉमन ब्लॉक काढून मॉड्यूल करा, मग बाउंड्री कंडिशन, विहीर, नदी यांचे टाइप करा, पण क्लास बाहेरच्या थरात ठेवा, आतल्या लूपमधे साधे ॲरेच बरे, लाखो सेलसाठी एकेक ऑब्जेक्ट करत बसू नका. ग्राफ काढायला पायथन हवं असेल तर फॉरट्रानला पायथनशी जोडणारं एफटूपीवाय पायथनच्या नमपाय लायब्ररीसोबतच येतं, फक्त त्याला टाइपच्या भानगडी झेपत नाहीत, तेव्हा बाहेर दिसणारे सबरूटीन साधे ॲरे घेणारेच ठेवा.

सी प्लस प्लस तेव्हाच, जेव्हा कोड नव्यानं सुरू करताय आणि पुढं सांभाळणाऱ्या ज्युनिअरला तीच येते.