इंदिरानगरची घंटागाडी, बागेचा कचरा आणि दंडाची पावती

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या गल्लीत येणाऱ्या घंटागाडीला मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण कापते तो बागेच्या कचऱ्यासाठी, आणि हे लिहायला बसले आहे तेही त्या एका गुणासाठीच.

मी घरातून जेवणाचे डबे देते. डबे म्हटले की ओला कचरा आलाच. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मुळांसकट येतात, कोबीची वरची पानं निघतात, मटाराच्या दिवसांत तर सालींनी पिशवी भरते. हे सगळं एक रात्र जास्त राहिलं की सकाळी चिलटं आणि वास. म्हणून गाडी वेळेवर येते का, याकडे माझं गल्लीत सगळ्यात जास्त लक्ष असतं. येते. पावसाळ्यात एखाद्या वेळी उशीर होतो, सणाच्या दुसऱ्या दिवशी ती आधीच्याच गल्लीत भरून जाते आणि मग दुसऱ्या फेरीची वाट बघावी लागते. पण येते, आणि मागे उभा असलेला दादा हातातली बादली रिकामी करून परत देतो, आपटून टाकत नाही. ज्यांनी दुसऱ्या गावात राहून बघितलंय त्यांना याची किंमत कळेल. नाशिकने नव्वदच्या दशकात, पुष्कळ शहरांच्या आधी, ही दारोदारची गाडी सुरू केली. पुढे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कचराकुंड्या गेल्या. त्या उकिरड्याशेजारून शाळेत जाणारी मुलं मला आठवतात, त्यामुळे कुंड्या गेल्या हे चांगलंच झालं असं मी ठामपणे म्हणते.

ओला-सुका वेगळा द्यायचा, हे आता गाडीवरचे लोक स्वतःच तपासतात. माझ्या मते हा या सेवेतला सगळ्यात चांगला बदल. एकदा शेजारच्या घरातून भाताच्या खरकट्यात दुधाच्या पिशव्या आल्या, तेव्हा गाडीवरच्या ताईंनी बादली परत दिली. आवाज चढवला नाही. “ताई, एवढं निवडून द्या. नाहीतर आम्हालाच हातानं काढावं लागतं,” एवढंच म्हणाल्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत हेच लिहिलं होतं: ओला, सुका आणि घरातला घातक कचरा असे तीन भाग करून द्यायचे. सॅनिटरी पॅड आणि डायपर नीट गुंडाळून द्यायचे. एप्रिल २०२६ पासून त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. फुटलेली काच तर मी पुठ्ठ्यात बांधून, वर लिहून देते, कारण ती पिशवी कुणाच्या तरी हातात जाते.

आता बागेचा कचरा. इंदिरानगर, गोविंदनगर, गंगापूर रोडच्या आतल्या गल्ल्या, नाशिकरोडच्या जुन्या कॉलन्या, इथे अजून अंगणं आहेत आणि अंगणात झाडं आहेत. आमच्याकडे आंबा, देशी बदाम आणि फाटकावर बोगनवेल. थंडी सरता सरता बदाम लाल होतो आणि सगळा एकदम खाली येतो. रोज झाडायचं, रोज पोतं भरायचं. पोतं गाडीत घ्यायला माणसं कुरकुरतात, आणि त्यांचं चुकत नाही. पाचोळ्याला वजन नसतं पण तो जागा फार खातो, दोन पोत्यांत कप्पा भरला तर पुढच्या घरांनी काय करायचं? फांद्या तर गाडीत जातच नाहीत. त्याच २०१६ च्या नियमांत बागेच्या कचऱ्याबद्दल वेगळं कलम होतं: तो आपल्याच आवारात वेगळा साठवायचा आणि स्थानिक संस्था सांगेल तशी त्याची विल्हेवाट लावायची. रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात किंवा नदी-नाल्यात टाकायचा नाही, पुरायचा नाही, जाळायचा नाही. म्हणजे तुमच्या झाडाची फांदी तुमच्या फाटकाबाहेर टेकवून ठेवली, तरी ती तुमचीच जबाबदारी.

हे नीट माहीत नसल्याचा फटका मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकांना बसला. पावसाआधी फांद्या छाटून घ्यायच्या म्हणून त्यांनी एका बागकाम करणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. छाटणी सुरेख केली. पैसे घेताना “कचरा मी नेतो” असं म्हणाला. आणि नेला तो गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर! दोन दिवसांत त्या ढिगावर कुणी जुनी गादी टाकली, कुणी नारळाच्या शेंड्या, कुणी थर्माकोल. मग कुत्री आली. स्वच्छता निरीक्षक आले तेव्हा त्यांच्याकडे फोटो होता आणि फांद्या कुठल्या झाडाच्या हे विचारायचीही गरज नव्हती, काकांची ताजी छाटलेली झाडं समोरच उभी होती. काकांनी परोपरीने सांगितलं की मी टाकलं नाही. निरीक्षकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पावती फाडली. कचरा ज्याच्या आवारातला, दंड त्याला. त्या बागकामवाल्याचा फोन तोवर लागेना.

मला काकांचं वाईट वाटलं, तरीही सांगते, तो दंड योग्य होता. तो झाला नसता तर त्या प्लॉटची कायमची कचराकुंडी झाली असती. नासर्डी नदीच्या पुलावरून पिशव्या भिरकावणारे आपण सगळ्यांनी बघितलेत. ते पाणी पुढे गोदावरीला मिळतं, रामकुंडावर लोक ओंजळीत घेतात त्याच गोदावरीला. अशा माणसाला नुसतं समजावून भागत नाही, पावती हातात पडली की हात थांबतो. पण दंडाच्या जोडीला फांद्या न्यायची सोयही हवी. आठवड्यातला एक ठरलेला वार, एक वेगळी गाडी, वाटल्यास किलोमागे पैसे घ्या, आम्ही देऊ. पाचवा गुण मी त्यासाठीच राखून ठेवलाय.

काही जण सोपा उपाय म्हणून पाचोळा पेटवून देतात. तसं करू नका. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळल्यास ५ हजार रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवून दिली आहे. पैशाचं सोडा, आमच्या गल्लीत दम्याची दोन माणसं आहेत. पाचोळ्याच्या धुराने त्यांची रात्र कशी जाते ते भिंतीपलीकडे ऐकू येतं.

मी काय करते ते सांगते, कारण यात माझे डबेही कामी आले. लोखंडी जाळी गोल वाकवून कंबरभर उंचीचा पिंजरा केला, खाली विटा ठेवल्या म्हणजे हवा खेळते. त्यात पाचोळ्याचा थर, त्यावर स्वयंपाकघरातल्या सालींचा पातळ थर, पुन्हा पाचोळा. मापाने म्हणाल तर साली एक टोपली, पाचोळा दोन ते तीन टोपल्या. नुसत्या साली ओल्या पडून कुजतात आणि घाण वास सुटतो, नुसता पाचोळा वर्षभर तसाच पडून राहतो, दोन्ही एकत्र आले की काम होतं. सुरुवातीला शेणकाला शिंपडते, नसेल तर आंबट ताक. मधे हात घातला तर गरम लागतं, ते लागायलाच हवं. आठ-दहा दिवसांनी वरखाली करायचं. आंब्याची आणि बदामाची पानं चिवट असतात, ती आधी पायाखाली चुरडून किंवा कोयत्याने तोडून टाकली तर बरं, नाहीतर बाकीचं खत होतं आणि पानं मात्र तशीच निघतात. साधारण तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत हाती येतं. पावसाळ्यात वरून पत्रा टाकावा लागतो. करवंट्या आणि आंब्याच्या कोयी यात घालू नका, त्या लवकर कुजत नाहीत.

एवढं केल्यावर माझा ओला कचरा अर्ध्याहून कमी झाला. गाडीवरचे दादा विचारतात, “ताई, डबे बंद केले का?”

मोठ्या सोसायट्यांचं वेगळं आहे. २०१६ च्या नियमांत, दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा निघत असेल तर त्या सोसायट्या मोठे कचरा निर्माते ठरत, आणि ५ हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बंदिस्त वसाहतींनी ओल्या कचऱ्याचं खत शक्यतो आवारातच करावं अशी अपेक्षा होती. तिथे सेक्रेटरींनी बागेचा पाचोळा माळ्याकडून बाहेर पाठवण्याआधी आपल्याच खतकुंडीकडे बघावं. सुका पाचोळा नाही म्हणून ज्यांची खतकुंडी वास मारते, त्यांच्याच दारात तो पोत्याने पडलेला असतो.

उरल्या फांद्या. त्यासाठी या वर्षी मी दुसरा माणूस शोधला. झाडावर चढण्याआधी सगळं बोलून घेतलं. पूर्ण झाड पाडायचं तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याने परवानगी लागते, आम्हाला फक्त छाटणी हवी होती, तरी मोठी फांदी तोडण्याआधी मी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जाऊन विचारून आले. जाड लाकूड तो स्वतः नेतो, त्याला त्याचे गिऱ्हाईक आहेत. बारीक फांद्यांचे हातभर तुकडे करून पिंजऱ्याच्या तळाशी घालतो. टेम्पो भरला की नंबरासकट फोटो काढते. ठरलेल्या पैशातले निम्मे काम झाल्यावर देते, उरलेले अंगण आणि गल्लीच्या टोकाचा प्लॉट दोन्ही बघून आल्यावर.