जुन्या पिकअपची गळकी डिझेल टाकी: दहा महिन्यांच्या वापरानंतर

माझी २०११ सालची डिझेल पिकअप रोज पहाटे तुर्भ्याच्या बाजार समितीतून कांदा-बटाटा भरून ऐरोली, विटावा, कळवा असा रस्ता धरत ठाण्यात येते. गेल्या वर्षी उन्हाळ्यात सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर काळा डाग दिसू लागला. तो इंजिन ऑइलचा असावा, असे समजून मी पंधरा दिवस घालवले. शेवटी रात्री टाकीखाली स्टीलचे भांडे ठेवले, तेव्हा सकाळी त्यात साधारण दोनशे मिलिलिटर डिझेल जमलेले होते. म्हणजे महिन्याला सहा लिटर नुसते जमिनीत जात होते. शिवाय डिझेल डांबर मऊ करते आणि ओल्या रस्त्यावर दुचाकी घसरायला त्याचे चार थेंब पुरतात, त्यामुळे पावसाळ्याआधी काम करणे भागच होते.

गळती नेमकी कुठे आहे हे शोधणे दुरुस्तीपेक्षा अवघड ठरले, कारण डिझेल पत्र्यावरून ओघळत सर्वांत खालच्या कडेला येते आणि थेंब तिथून पडतो. मी आधी रिटर्न पाइप, म्हणजे इंजिनकडून उरलेले डिझेल टाकीत परत आणणारा पाइप, बदलला, पण काही फरक पडला नाही. मग टाकी बाहेरून रॉकेलने पुसून कोरडी केली आणि तिच्यावर खडूची पूड चोळली. अर्ध्या तासाने टाकी धरून ठेवणाऱ्या मागच्या लोखंडी पट्ट्याच्या वरच्या कडेशी पांढऱ्या पुडीत एक करडी रेघ उमटली. पट्टा सोडवला तर आतला नमदा (दाबलेल्या लोकरीचा जाड थर) चिखलाने भरलेला आणि ओलाकच्च निघाला. इतकी वर्षे त्याने पाणी पत्र्याला धरून ठेवले होते आणि बरोबर त्याच रुंदीत पत्रा सुपारीच्या सालासारखा सुटत होता.

त्याआधी मी दोनदा स्वस्त उपाय करून पाहिले होते, हे कबूल केले पाहिजे. अंगाचा साबण घासून भोक बुजवण्याची युक्ती प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असते आणि घरी पोहोचेपर्यंत ती खरोखरच टिकते. मळून लावायचे एपॉक्सी सील मात्र अकरा दिवसांत पापुद्र्यासारखे निघाले. दोष सीलचा नव्हता. गळती चालू असताना, तेलकट आणि गंजलेल्या पत्र्यावर लावलेले काहीही धरत नाही.

टाकी उतरवून वागळे इस्टेटमधल्या एका रेडिएटरवाल्याकडे नेली. ‘डिझेल आहे, पेट्रोल नाही, लावा गॅस,’ असे म्हणणारे दोन कारागीर त्याआधी भेटले होते आणि मी त्यांच्याकडून टाकी परत आणली होती. डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो अंश, आपल्याकडच्या मानकानुसार किमान ३५ अंश सेल्सिअस असतो, त्यामुळे ते पेट्रोलसारखे चटकन पेटत नाही हे खरे. परंतु गॅसच्या टॉर्चच्या आचेने सांध्यांत उरलेल्या थेंबांची वाफ होते, ती टाकीतल्या हवेत मिसळते आणि रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची ठरते. या रेडिएटरवाल्याने न सांगता गरम पाण्याने आणि सोड्याने टाकी तीनदा धुतली, नंतर फक्त झाळायची जागा मोकळी राहील इतके पाणी आत भरले, सगळी तोंडे उघडी ठेवली आणि गंजलेला भाग कापून पितळी झाळेने ठिगळ बसवले. आर्क वेल्डिंगने हा पातळ पत्रा जळून भोक मोठेच झाले असते.

आतून गंज होताच, म्हणून एपॉक्सी अस्तराचा संच मी घरीच वापरला. गंज खरवडण्यासाठी मूठभर नट आत टाकून टाकी हलवायची असते. मी पंचवीस मोजून टाकले आणि चोवीस बाहेर आले, मग पंचविसाव्यासाठी चुंबक दोरीला बांधून अर्धा तास काढला. फॉस्फोरिक आम्लाने धुणे, पूर्ण सुकवणे, रसायन ओतून टाकी सर्व बाजूंनी फिरवणे आणि चार दिवस तशीच ठेवणे, एवढे काम होते. झाळकाम, अस्तर आणि मजुरी मिळून ४,७०० रुपये गेले.

खरी चूक इथेच झाली आणि ती माझीच. पाइप बुजू नयेत म्हणून अस्तर ओले असताना त्यांतून हवा फुंकायची असते. मी डिझेल ओढणाऱ्या पाइपातून ती फुंकली आणि ब्रीदर, म्हणजे टाकीत हवा येऊ देणारा पाइप, विसरलो. तीन आठवड्यांनी शिळफाट्याच्या चढावर गाडीने मान टाकली. हँडपंपने डिझेलच्या पाइपातली हवा काढली की दहा मिनिटे चालायची आणि पुन्हा बंद पडायची. फिल्टर, पाइप, पंप सगळ्यांवर संशय घेऊन झाला, तोवर कुणीतरी सहज टाकीचे झाकण उघडले आणि ‘फुस्स’ असा आवाज झाला. डिझेल बाहेर जात होते, पण त्याची जागा घ्यायला हवा आत येत नव्हती. ब्रीदरच्या तोंडाशी एपॉक्सीचा वाटाण्याएवढा थेंब कडक झाला होता. तारेने तो फोडल्यावर हा त्रास गेला.

त्यानंतरचे दहा महिने, म्हणजे एक अख्खा पावसाळा आणि घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतल्या अनेक खेपा, टाकी एक थेंबही गळलेली नाही. पहिला फिल्टर मुद्दाम पाचशे किलोमीटरवर बदलला, त्यात तांबूस गाळ होता. पुढचा स्वच्छ निघाला. डिझेल दाखवणाऱ्या काट्याची तक्रार मात्र उरली आहे. फ्लोट (डिझेलवर तरंगून पातळी दाखवणारा भाग) बसवताना त्याची दांडी थोडी वाकली असावी, कारण काटा शून्यावर आला तरी टाकीत सात-आठ लिटर शिल्लक असते. मला याची सवय झाली, बदली ड्रायव्हर मात्र उगाच पंपावर धावतो.

एकाच जागी गंज असेल आणि बाकीचा पत्रा टोकदार पेचकसाने दाबल्यावर दबत नसेल, तर मी हीच दुरुस्ती पुन्हा करेन. तळच मऊ लागत असेल, तर अस्तरात पैसे घालू नयेत, नवी टाकी घ्यावी. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते, पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे. त्याआधी पुढच्या पट्ट्याखालचा नमदाही काढून तिथे रबराची पट्टी घालणार आहे, कारण तिथल्या रंगाला आता बारीक फुगे आलेले दिसतात.