थंडीत बाहेर ग्रिल लावायचं तर कोळसा घ्यावा की गॅस?

हाच प्रश्न उन्हाळ्यात विचारला की लोक चवीवर भांडायला लागतात, कोळशाचा वास, गॅसची सोय, तेच ते. थंडीत तो वाद जरा बाजूला ठेवा, कारण बाहेर पारा शून्याच्या आसपास असला की दोनच गोष्टी उरतात, झाकणाखालची धग टिकते का आणि तुम्हाला उघड्यावर किती वेळ कुडकुडत उभं राहावं लागतं. माझ्याकडे पत्र्याचं गोल कोळशाचं ग्रिल आहे आणि तीन बर्नरचं गॅसचंही आहे, दोन्ही हिवाळाभर वापरतो, आणि एका मित्राचं रांजणासारखं जाड सिरॅमिकचं कामाडो अधूनमधून हाताळायला मिळतं, त्यामुळे जे लिहितोय ते स्वतः गारठून लिहितोय.

आधी गॅस. "गॅस थंडीत चालत नाही" हे अर्धंच खरंय. सिलिंडरमध्ये गॅस पातळ स्वरूपात असतो, त्याची वाफ झाली तरच बर्नरपर्यंत काहीतरी पोचतं. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो म्हणून तो कडाक्यातसुद्धा येतो, ब्युटेन मात्र शून्याच्या जरासं खाली गेलं की सिलिंडरात ढिम्म पडून राहतो. म्हणजे आत काय भरलंय ते आधी बघा. दोन्हींचं मिश्रण असेल तर सुरुवातीला सगळं छान पेटतं कारण प्रोपेन आधी निघून जातो, आणि शेवटी शेवटी सिलिंडर हलवला तर आत खळखळतंय पण आच काही येत नाही अशी गंमत होते.

शुद्ध प्रोपेन असला तरी एक अडचण राहतेच. वाफ होताना उष्णता खेचली जाते ती सिलिंडरातूनच, त्यामुळे तिन्ही बर्नर अर्धा तास फुल्ल ठेवले की सिलिंडर बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो आणि खालच्या भागावर पांढरं दव गोठतं. त्या पांढऱ्या पट्ट्याची वरची कड जिथे संपते साधारण तिथपर्यंत गॅस शिल्लक आहे असं समजायचं, फुकटचा मीटर. सिलिंडर जितका रिकामा तितकं हे लवकर होतं. पहिल्या हिवाळ्यात मी तळाशी उरलेल्या गॅसवर चिकनचे लेग लावले होते, वीस मिनिटांत ज्योत आक्रसून निळ्या ठिपक्यांएवढी झाली आणि मी वेड्यासारखा नॉब फिरवत बसलो. वरून कातडी मस्त तपकिरी, हाडाजवळ लालभडक. तेव्हापासून थंडीत भरलेलाच सिलिंडर जोडतो. गार पडलाय म्हणून त्यावर गरम पाणी ओतणं, ज्योत धरणं किंवा रात्री तो घरात आणून ठेवणं असले उद्योग करू नका. व्हॉल्व्हही सावकाश उघडायचा, घाईत उघडला तर रेग्युलेटर गळती समजून गॅस आवळून धरतो आणि मग लोक थंडीला शिव्या घालतात.

कोळशाला थंडीचं सोयरसुतक नाही. एकदा निखारा फुलला की बाहेर किती अंश आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, फक्त पत्रा पातळ असल्यामुळे धग भसाभस बाहेर जाते. मी उन्हाळ्यापेक्षा साधारण एक तृतीयांश कोळसा जास्त घेतो आणि खालचा व्हेंट, म्हणजे हवा आत घेणारा झरोका, जरा जास्त उघडा ठेवतो. मोठ्या तुकड्यांचा लाकडी कोळसा लवकर पेटतो, तापतोही जोरात, पण संपतोही लवकर, म्हणून तासभरापेक्षा जास्त काम असेल तर ब्रिकेट्सच, म्हणजे कोळशाच्या भुकटीच्या दाबलेल्या वड्याच, बऱ्या. आणि मध्येच वरून गार कोळसा टाकू नका, तो पेटेपर्यंत सगळी आच खाली येते, त्यापेक्षा दुसरा लॉट चिमणी स्टार्टरमध्ये, म्हणजे कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या उभ्या नळकांड्यात, वेगळा फुलवून मग ओता. चिमणी बर्फावर ठेवली तर खालचं वितळून ती कलंडते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आता सांगतोय.

खरा शत्रू थंडी नाही, वारा आहे. फोनवर "जाणवणारं तापमान उणे १२" दिसलं म्हणून घाबरू नका, ते आपल्या कातडीसाठी असतं, सिलिंडरला नुसता खरा पारा कळतो. पण तापलेल्या झाकणावरून वारा वाहिला की ते झपाट्याने गार होतं, हे दोन्हीकडे सारखंच. गॅसच्या ग्रिलमध्ये मागच्या फटीतून वारा शिरला की गरम हवा पुढे नॉबकडे ढकलली जाते, म्हणून पाठ वाऱ्याकडे नको. कोळशात वारा थेट खालच्या व्हेंटमध्ये गेला की एका बाजूचे निखारे लालबुंद आणि दुसरी बाजू मेलेली. आडोसा पाहिजेच, पण घराच्या भिंतीपासून तीनेक मीटर लांबच. आणि गारठा असह्य झाला म्हणून ग्रिल गॅरेजमध्ये किंवा बंदिस्त व्हरांड्यात ओढायचं नाही, दार उघडं ठेवलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस झोप आली समजून झोपतो.

कामाडोबद्दल थोडं, कारण थंडीत खरी कमाल त्याचीच. भिंती जाड असल्यामुळे तापायला वेळ लागतो, मित्राकडे चाळीसेक मिनिटं आम्ही आत चहा पीत बसतो, पण एकदा स्थिर झालं की बाहेर बर्फ पडो नाहीतर वादळ, काटा हलत नाही आणि कोळसाही कमी लागतो. पाच-सहा तासांचं संथ काम असेल तर माझी दोन्ही ग्रिलं त्याच्यापुढे खेळणी आहेत. फक्त ओलसर सिरॅमिक कडाक्यात एकदम भडकवायचं नाही, तडा जाऊ शकतो, आणि झाकण आधी दोन बोटं उघडून थांबायचं, नाहीतर हवा आत जाऊन भपकन जाळ तोंडावर येतो. पण मधल्या वारी झटपट जेवणासाठी ते घेऊ नका. लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या कांड्यांवर, म्हणजे पेलेट्सवर, चालणारं ग्रिल बटणावर चालतं हे खरं, पण वीज लागते आणि पेलेट्स ओलावा धरून फुगल्या की त्या पुढे ढकलणारा आतला स्क्रू अडकतो. विजेचं छोटं ग्रिल वाऱ्यात नुसतं कोमट होतं, सोडा.

कुठलंही घ्या, झाकण कमीत कमी उघडा. उन्हाळ्यात दहा मिनिटांत तापणाऱ्या ग्रिलला दुप्पट वेळ द्या, आणि मिनिटं मोजण्यापेक्षा आतलं तापमान बघा, चिकनला ७४ अंश. काढलेलं गरम ताटातच ठेवा, गार प्लेटवर दोन मिनिटांत सगळं थंडगोळा होतं.

नंतरचं आवरणं लोक विसरतात. गॅस बंद केला की तुम्ही आत. कोळशाचे व्हेंट बंद केले तरी राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो, ती पत्र्याच्या झाकणवाल्या डब्यात जाते आणि डबा लाकडी डेकवर ठेवायचा नाही.

एकच घ्यायचं असेल आणि आठवड्यातून दोनदा पटकन काहीतरी भाजायचं असेल तर गॅसच घ्या, प्रोपेन मिळत असेल तर. पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश उतरणार असेल आणि रविवार मोकळा असेल तर कोळसा, तो दगा देत नाही. दुकानात जाताना जाड हातमोजे खिशात टाका आणि ते घालूनच नॉब फिरवून, व्हेंट सरकवून बघा. माझ्या गॅसच्या ग्रिलचं इग्निशनचं बटण हातमोज्यात दबतच नाही, दर वेळी उजवा हात उघडा करावा लागतो.