४८ संदर्भांपैकी १९ खोटे

मी एम.ए.च्या शेवटच्या सत्राला होते. लघुप्रबंधाचा विषय होता गिरणगावातल्या खानावळी. लालबाग-परळच्या चाळींत गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या बायकांचं १९८२ च्या संपात काय झालं, हे मला लिहायचं होतं. माझी आजी करी रोडला खानावळ चालवायची. मी अकरा मावशींच्या मुलाखती घेतल्या, त्या रेकॉर्ड केल्या आणि रात्री नोकरीवरून परतल्यावर उतरवून काढल्या.

शाळा मराठी माध्यमाची, प्रबंध मात्र इंग्रजीत. मुलाखती जमल्या, पण संदर्भसूची जमेना. कुठे स्वल्पविराम, कुठे तिरका टाइप, मासिकाचा खंड आधी की अंक आधी, सगळा गोंधळ. बाइंडिंगसाठी ज्या दुकानात चौकशी केली, तिथल्या माणसाने स्वतःहूनच विचारलं, "ताई, चेक केलंत का? आमच्याकडे रिपोर्ट काढून मिळतो." मी फाइल दिली. दुसऱ्या दिवशी त्याने पडद्यावर लाल रंगाने भरलेली पानं दाखवली. ३८ टक्के मजकूर इतरांच्या लिखाणाशी जुळतो म्हणे. "दहाच्या वर गेलं की रजिस्ट्रेशन रद्द," तो म्हणाला. माझे हातपाय गार पडले.

इथेच मी फसले, म्हणून हे नीट सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याबद्दलचे नियम २०१८ चे आहेत. त्यांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचं, ४० ते ६० ला एक वर्ष देता येत नाही, आणि नोंदणी रद्द होते ती ६० च्या वर गेल्यावर. शिवाय अवतरणचिन्हांत टाकून स्रोत दिलेला मजकूर आणि संदर्भसूची या तपासणीत धरायचीच नसते. त्या माणसाने माझी सूची, सरकारी अहवालांतले उतारे, अनुक्रमणिका, सगळं मोजलं होतं. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात ते वगळून तपासलं तेव्हा आकडा आला ९. मी काहीही चोरलं नव्हतं.

पण त्या दिवशी मी साडेसहा हजार रुपये ठरवले, तीन हजार लगेच यूपीआयने पाठवले. "टक्के खाली आणतो, संदर्भ सेट करतो, पन्नासच्या आसपास करून देतो, वजन येतं," असं तो म्हणाला. माझे स्वतःचे संदर्भ २९ होते. चार दिवसांनी फाइल आली, त्यात ४८. दिसायला इतकी देखणी सूची मी आयुष्यात केली नव्हती. मी उरलेले पैसे दिले आणि मार्गदर्शक मॅडमना फाइल पाठवली. उघडून एक एक ओळ वाचली नाही, ही चूक माझीच.

मॅडमनी मला समोर बसवलं आणि एका नोंदीवर बोट ठेवलं. कामगार वस्त्यांवरचा लेख, इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली, १९५८. "हा वाचलास?" मी हो म्हणाले. हे लिहितानाही लाज वाटते. त्या शांतपणे म्हणाल्या, "या नावाचं साप्ताहिक १९६६ ला सुरू झालं. त्याआधी होतं ते इकॉनॉमिक वीकली." पुढची नोंद त्याच साप्ताहिकाची, १९८४ ची, खंड ३१. वर्षाला एक खंड धरला तर १९८४ ला एकोणिसावा खंड येतो. तिसऱ्या नोंदीला डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, होता. त्यांनी तो डीओआय डॉट ऑर्गवर टाकला, तर भाताच्या रोगांवरचा लेख उघडला. एकोणीस नोंदी अशा निघाल्या. लेखकांची नावं खरी वाटावीत अशी, मासिकं खरी, लेख मात्र कुठेच नाहीत.

मजकुराचं जे केलं होतं ते त्याहून वाईट. टक्के खाली आणायला त्याने कुठल्याशा सॉफ्टवेअरमधून शब्द बदलून घेतले होते. 'टेक्सटाइल स्ट्राइक'चं झालं होतं 'क्लॉथ अटॅक'. लालबागच्या एका मावशींचं वाक्य मी जपून इंग्रजीत आणलं होतं: "संप होता म्हणून पोरांना उपाशी ठेवू का? उधारी वहीत लिहिली, मागितली नाही." त्यांच्या तोंडी आता हल्ल्याची आणि कर्जवसुलीची भाषा होती. मॅडमनी विचारलं, "लेख खोटे, मग मुलाखती खऱ्या कशावरून?" यावर मला रडू आलं. त्या बायकांनी आपला चहा पाजून, आपली दुखणी सांगून दिलेलं सगळं माझ्यामुळे संशयाखाली आलं होतं.

प्रबंध परत घेतला, एक सत्र गेलं. दुकानदाराने माझा नंबर ब्लॉक केला. तक्रार कशाची करणार, काम तर मीच दिलं होतं, आणि तो हे पुरेपूर ओळखून होता. असे लोक प्रबंध जमा करायच्या आधीच्या पंधरवड्यातच गाठतात. कुणी तुम्हाला टक्क्यांची भीती घालत असेल तर त्याला एकच विचारा: अवतरणं आणि सूची वगळून मोजलंय का? आणि आपला प्रबंध अनोळखी माणसाच्या खात्यातून तपासायला देऊ नका. तो तिथे साठवला गेला तर नंतर तुमचाच मजकूर तुमच्यावर उलटतो.

सूची मी पुन्हा केली. झोटेरो हे संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, स्वल्पविरामांची काळजी ते घेतं. नोंद खरी आहे की नाही हे मात्र आपणच पाहायचं. प्रत्येक नोंदीसमोर मी वहीत लिहिलं: कुठे पाहिलं, कोणतं पान. कामगारांच्या स्थितीवरच्या सरकारी रेगे समितीच्या अहवालातला एक उतारा मी मूळ अहवालात नाही, दुसऱ्याच्या पुस्तकात वाचला होता. मॅडम म्हणाल्या, मग तसंच लिही, अमुक पुस्तकात उद्धृत. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि कलिनाच्या ग्रंथालयात शनिवार घालवले. शेवटी नोंदी झाल्या ३१.

मुलाखतींच्या तळटिपांसाठी लालबागच्या मावशींकडे परत गेले. रेकॉर्डिंग लावून त्यांचं वाक्य त्यांनाच ऐकवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. पण वही निळी होती, तेही लिही." मी तारीख आणि ठिकाणासोबत तेही लिहिलं.