मायक्रोटिक एलएचजी एलटीई६ किट: दूरच्या टॉवरसाठी जाळीदार छत्री

घराबाहेर लावायच्या या ४जी (एलटीई) इंटरनेट किटबद्दल बहुतेक जण एकच विचारतात: रेंज किती वाढते? उत्तर देता येतं, पण त्यावरून विकत घ्यायचं की नाही ते ठरत नाही. छत्री एका दिशेचं ऐकते आणि बाकीच्या दिशांना कान बंद करते. तुमच्या जागेवर अडचण नेमकी कसली आहे, अशक्त सिग्नलची, शेजारच्या सेलच्या (टॉवरच्या एका प्रक्षेपण-भागाच्या) गोंगाटाची की टॉवरवरच्या गर्दीची, यावर सगळं अवलंबून आहे. पहिल्या दोन अडचणींवर हे किट चांगलं चालतं. तिसरीवर त्याचा थेट इलाज नाही.

वस्तू साधी आहे. सुमारे ४० सेंमी व्यासाची जाळीची डिश, तिच्या केंद्राशी प्लास्टिकच्या डब्यात कॅटेगरी ६चा मोडेम (आर११ई-एलटीई६) आणि छोटा राउटर. सिम मायक्रो आकाराचं. खाली एकच इथरनेट केबल येते आणि वीजही तिच्यातूनच वर जाते. वाय-फाय नाही, त्यामुळे घरात वेगळा राउटर लागतोच.

मोडेम थेट अँटेनाच्या तोंडाशी बसवला आहे, ही या रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. घरात राउटर आणि गच्चीवर अँटेना अशी जोडणी केली की मध्ये कोअॅक्स केबल येते. एलएमआर-२०० जातीची १० मीटर केबल १८०० मेगाहर्ट्झला साधारण ४.७ डीबी (सिग्नलच्या कमी-जास्तीचं माप) खाते. जाड एलएमआर-४०० घेतली तरी २ डीबीच्या आसपास जातातच. दोन अँटेनांसाठी केबलही दोन लागतात, शिवाय कनेक्टरचे तोटे वेगळे. इथे तो हिशोबच उरत नाही.

कंपनी १७ डीबीआय गेन (अँटेना एका दिशेला सिग्नल किती वाढवते त्याचं माप) सांगते. हा आकडा सगळ्या बँडांना (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांना) सारखा लागू होईल असं मात्र समजू नये. ४० सेंमीच्या तबकडीची कार्यक्षमता ६० टक्के धरून गणित मांडलं तर २३०० मेगाहर्ट्झला १७ डीबीआय येतात, २६००ला १८च्या वर, १८००ला १५ आणि ८००ला जेमतेम ८. कारण सरळ आहे: ८०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३७.५ सेंमी, म्हणजे जवळजवळ छत्रीएवढीच. तिथे ही जाळी छत्री म्हणून कामच करत नाही. झोताची रुंदीही तशीच बदलते. १८००ला साधारण ३० अंश, ८००ला त्याच्या दुप्पट. तुमच्या भागात दूरचा टॉवर फक्त ८००-९०० वर पोहोचत असेल, तर लांब यागी किंवा मोठी लॉग-पिरिऑडिक अँटेना अधिक उपयोगी पडेल.

आता मुख्य मुद्दा. १५ किलोहर्ट्झच्या एका सबकॅरिअरमधला (एलटीई सिग्नलच्या एका अरुंद पट्टीतला) औष्णिक गोंगाट −१३२ डीबीएम असतो. मोडेमच्या स्वतःच्या गोंगाटाचे ७ डीबी मिळवले की −१२५. म्हणजे आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद) −११० असला तरी शेजारचे सेल गप्प असतील तर एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे ते) १५ डीबी मिळायला हवा, आणि १५वर ६४-क्वाम (माहिती भरण्याची वेगवान पद्धत) आरामात चालतं. याउलट आरएसआरपी −९५ आणि एसआयएनआर ३ असं दिसलं तर सिग्नल भरपूर आहे, पण त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरा सेल बोलतो आहे. अशा ठिकाणी चार-पाच दांड्या दाखवणारा फोनही क्यूपीएसकेवर, म्हणजे सर्वांत संथ पद्धतीवर, रखडतो. छत्रीचं खरं मोल इथे कळतं: हवा तो सेक्टर (सेल) झोताच्या मध्यावर आणि नको तो बाहेर ठेवला तर आरएसआरपी १५ने वाढताना एसआयएनआरही तितक्याच उड्या मारू शकतो.

दोन्ही टॉवर एकाच रेषेत, म्हणजे ३० अंशांच्या आत असले, तर छत्री दोघांनाही सारखंच उचलते. आरएसआरपी छान दिसतो, एसआयएनआर जागचा हलत नाही. मग उपाय दोनच: दुसऱ्या दिशेचा टॉवर धरायचा किंवा दुसरा बँड. टीडीडी जाळ्यांत (जिथे अपलोड आणि डाउनलोड एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने होतात) आणखी एक खोच असते. सगळे सेल एका घड्याळावर चालतात, त्यामुळे दोन सेलच्या भौतिक क्रमांकांना ३ने भागून बाकी सारखी आली तर त्यांचे संदर्भ-सिग्नल नेमके एकमेकांवर पडतात आणि रात्री रिकाम्या जाळ्यावरही एसआयएनआर वाईट दिसतो. हे ग्राहकाला दुरुस्त करता येत नाही. निदान छत्रीला दोष देऊ नये.

छत्री लावण्याची पद्धत. सिम आधी जमिनीवरच बसवा. नॅनो सिम अॅडॉप्टरमध्ये घालून बसवलं तर खोबणीत अडकण्याचा धोका असतो आणि वर शिडीवर ते काढणं फार त्रासाचं. राउटरओएसमध्ये (किटच्या कार्यप्रणालीत) एलटीई इंटरफेसचा मॉनिटर उघडला की आरएसआरपी, आरएसआरक्यू (सिग्नलची गुणवत्ता), एसआयएनआर, वापरातला बँड आणि सेलचा क्रमांक दिसतो. सेल-क्रमांकाला २५६ने भागा: भागाकार म्हणजे ईनोडबीचा (टॉवरवरच्या केंद्राचा) क्रमांक, बाकी म्हणजे सेक्टर. छत्री फिरवताना हा क्रमांक बदलला तर तुम्ही दुसऱ्याच टॉवरची मोजणी करत आहात, आधीचे आकडे त्याला लावू नका.

एका वेळी ५ अंश फिरवा आणि प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबा. आकडे क्षणाक्षणाला ३-४ डीबी हलतात, म्हणून सरासरीच बघायची. जास्तीत जास्त आरएसआरपीच्या नव्हे, जास्तीत जास्त एसआयएनआरच्या जागी बोल्ट आवळा. या दोन जागा बऱ्याचदा ५-१० अंशांनी वेगळ्या निघतात. मग वरखाली कल बघा. हे सगळं दुपारी करून संध्याकाळी पुन्हा तपासायचं. सेल पूर्ण भरलेला असेल तर बाहेरचा गोंगाट शून्य असूनही आरएसआरक्यू −११च्या आसपास येतो, तेव्हा त्या आकड्याला एकट्याने घाबरायचं कारण नाही. संध्याकाळी एसआयएनआर चांगला, आरएसआरक्यू −११ आणि वेग मात्र दुपारच्या चौथ्या हिश्श्यावर, असं दिसलं तर तो गर्दीचा मामला. अशा वेळी थोडा दूरचा, कमी भरलेला टॉवर जवळच्यापेक्षा बरा ठरतो. छत्री असल्यामुळे तो पर्याय निदान तपासून तरी बघता येतो.

फार दूरच्या टॉवरबाबत एक भिंत माहीत असलेली बरी. सेलने रँडम अॅक्सेससाठी (मोडेमच्या पहिल्या हाकेसाठी) फॉरमॅट ० ठेवला असेल, तर सुमारे १४.५ किमीच्या पलीकडून मोडेमला आत घेतलं जात नाही. आरएसआरपी झकास, टॉवर दिसतो, पण नोंदणी होत नाही. ही लक्षणं असतील तर डोकं सिमवर न आपटता नकाशावर अंतर मोजा. अपलिंकचं, म्हणजे मोडेमकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलचं, मात्र छत्री भलं करते. मोडेमची शक्ती कोणत्याही फोनसारखीच, २३ डीबीएम म्हणजे २०० मिलिवॅट. अँटेनाचा गेन जाताना आणि येताना सारखाच लागतो आणि भिंतीचा तोटाही वाचतो. दूरच्या जागी आधी अपलिंकच कोलमडतं, आणि ते कोलमडलं की टीसीपीच्या पोचपावत्या अडकून डाउनलोडही मंदावतो.

वेगाकडे वळू. कॅटेगरी ६ म्हणजे कागदावर डाउनलोडला ३०० आणि अपलोडला ५० एमबीपीएस. हे ३०० दोन २० मेगाहर्ट्झ कॅरिअर (फ्रिक्वेन्सीचे सलग पट्टे) एकत्र आले, दोन्हींवर २×२ मायमो (एकाच वेळी दोन प्रवाह) आणि ६४-क्वाम चाललं, तरच. आणि तसं झालं तरी या किटवरचा इथरनेट पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे! प्रत्यक्षात टीसीपीला ९४च्या वर काही मिळणार नाही. मोडेम ३००चा आणि दार १००चं, ही निवड पटत नाही. गिगाबिट पोर्टची आवृत्ती एलएचजीजी या नावाने मिळते. ज्यांच्याकडे एसआयएनआर २०च्या वर आणि दोन रुंद कॅरिअर आहेत त्यांनी तीच घ्यावी. दूरच्या, ४०-६० एमबीपीएसवर समाधानी असणाऱ्या जागेला साधी पुरते. टीडीडी बँडवर अपलिंकचा आकडाही खाली आणा: रचना २ मध्ये (वेळवाटपाची एक ठरलेली पद्धत) दहापैकी दोनच सबफ्रेम, म्हणजे वेळेचे तुकडे, अपलिंकच्या, म्हणजे ५०चे थेट १०.

बँड लॉक करण्याची हौस जपून करावी. फक्त बँड ३ ठेवला तर त्याच्या जोडीला येणारा दुसऱ्या बँडचा कॅरिअरही बंद होतो. आधी मोकळं सोडून कोणती जोडी मिळते ते बघा, मग उपद्रवी बँड तेवढा वगळा.

मांडणीतल्या चुका ठरलेल्या. मूळ मांडणीत छत्री स्वतः नॅट (पत्त्यांचं भाषांतर) करते, घरातला राउटर पुन्हा नॅट करतो आणि वर ऑपरेटरचं नॅट असतंच. एपीएन (ऑपरेटरच्या जोडणीच्या) प्रोफाइलमध्ये पासथ्रू लावलं, म्हणजे ऑपरेटरचा पत्ता थेट घरातल्या राउटरला दिला, की मधली एक पायरी जाते. पण पासथ्रू लावण्याआधी व्यवस्थापनासाठी वेगळा व्हीलॅन (त्याच केबलवरचं स्वतंत्र आभासी जाळं) बनवून ठेवा, नाहीतर छत्रीवर लॉगिन करण्याचा रस्ताच बंद होतो. काही संकेतस्थळं अर्धवट उघडत असतील तर एमटीयूकडे, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराकडे, बघा. ऑपरेटरच्या आत प्रत्येक पॅकेटला जीटीपीचं (ऑपरेटरच्या आतल्या वाहतुकीच्या प्रोटोकॉलचं) ३६ बाइटचं वेष्टन बसतं. तिथे १५००चीच मर्यादा असेल तर तुमच्या वाट्याला १४६४ येतात, म्हणजे एमएसएस (पॅकेटमधल्या टीसीपी माहितीचा कमाल आकार) १४२४. एमएसएस क्लॅम्पचा एक नियम घातला की ही कटकट संपते.

मोडेमचं फर्मवेअर राउटरओएसपासून वेगळं आहे, ते वेगळं अद्ययावत करावं लागतं आणि तेही मोडेमच्याच एलटीई जोडणीवरून. फ्लॅश १६ एमबीच आहे. राउटरओएस ७ला ती घट्ट बसते, म्हणून बॅकअप फाइली आणि न लागणारी पॅकेजं काढूनच अपडेट करा. आवृत्ती ७ मध्ये केक ही रांग-व्यवस्था मिळते. मर्यादा संध्याकाळच्या सर्वांत कमी वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवली तर व्हिडिओ कॉल चालू असताना डाउनलोड लावला तरी आवाज तुटत नाही.

वीज पॅसिव्ह पीओई (इथरनेट केबलमधूनच जाणारी), २४ व्होल्ट: पिना ४-५ धन, ७-८ ऋण. इंजेक्टरच्या वीज असलेल्या पोर्टमध्ये लॅपटॉप किंवा भलतं उपकरण लावू नका. पॅसिव्ह पीओई विचारून वीज सोडत नाही. शुद्ध तांब्याच्या कॅट-५ई केबलवर ७ वॅटसाठी १०० मीटरला पावणेतीन व्होल्टच्या आसपास पडतात, ते चालतात. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियम केबलवर पडझड साधारण दीडपट होते आणि काही महिन्यांत कनेक्टर गंजून उपकरण आपोआप रिबूट व्हायला लागतं. अशा रिबूटसाठी बहुतेक वेळा मोडेम बदलला जातो. गुन्हेगार केबल असते. केबल डब्यात शिरण्याआधी खाली झोळ ठेवा म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. खांबाचं अर्थिंग करा आणि केबल घरात येते तिथे सर्ज प्रोटेक्टर लावा.

घेण्याआधी फोन घेऊन गच्चीवर जा आणि सेलची माहिती दाखवणाऱ्या अॅपमध्ये बँड आणि एसआयएनआर लिहून घ्या. बँड १, ३, ७, ४० यांपैकी काही दिसत असेल, आरएसआरपी −१०० ते −११५ किंवा एसआयएनआर १०च्या खाली असेल, तर ही छत्री लावण्याजोगी आहे. एसआयएनआर आधीच २०च्या वर असेल तर छत्रीने वेग फारसा हलणार नाही. आणि फक्त ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ दिसत असेल तर विषयच संपला, हा मोडेम तो बँड घेत नाही.